बटाट्याची तोफ



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'बटाट्याची तोफ' असे सांगितले. मी थट्टा करतो आहे असे त्यांना वाटले. युनियनचा माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत, बोनस यांवर बोलणार, ही अपेक्षा रास्तच आहे. त्या विषयांवर मी वर्षभर गेटसभांतून बोलतच असतो. आज मला एका खेळण्याचा इतिहास सांगावयाचा आहे. तो ऐकून झाल्यावर, मी माझ्या नेहमीच्या विषयापासून फार दूर गेलो नव्हतो, हे आपल्या ध्यानात येईल अशी आशा आहे.

मी शाळेत दहावीच्या पुढे गेलो नाही. हेल्पर म्हणून कारखान्यात लागलो, पुढे फिटर झालो, आणि त्यानंतर संघटनेच्या कामात पडलो. जे काही वाचले ते नगरवाचनालयात वाचले, तेव्हा पंडिताची सफाई माझ्याजवळ नाही. परंतु पाइप, व्हॉल्व्ह आणि दाब या गोष्टींशी माझी जुनी ओळख आहे, आणि आजच्या कथेत या तिघांचेच राज्य आहे.

ज्यांनी ही तोफ पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी तिचे वर्णन करतो. गेल्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेतील हौशी मंडळी घरामागच्या मोकळ्या जागेत ती करीत आली आहेत. नळकामाला वापरतात तसल्या प्लॅस्टिकच्या पाइपाची एक रुंद कोठी आणि तिला पुढे जोडलेली एक लांब, अरुंद नळी, एवढाच तिचा सांगाडा. नळीच्या तोंडाची कड धारदार केलेली असते. तीवर कच्चा बटाटा दाबला म्हणजे कड बटाट्याला कापीत जाते आणि नळीच्या नेमक्या मापाचे बूच आत बसते. कोठीत ज्वालाग्राही वायू आणि हवा यांचे मिश्रण असते. ठिणगी पडली की ते मिश्रण जळते, तापते आणि फुगते. बाहेर पडावयाची वाट बटाट्याने अडविलेली, तेव्हा तो बटाटाच पुढे फेकला जातो, आणि शेदोनशे मीटरांवर जाऊन पडतो. दुसरा प्रकार हवेच्या तोफेचा. तीत आग नसते. टाकीत हवा दाबून भरतात आणि व्हॉल्व्ह एकदम उघडतात.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, हा रिकामटेकड्यांचा उद्योग! वस्तुतः बटाट्याच्या जागी लाकडाचे बूच ठेवले तर या खेळण्याचा मूळ पुरुष कोण ते सांगता येते, आणि त्याला रिकामटेकडा म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. त्याचे नाव अलेस्सांद्रो व्होल्टा. विजेच्या दाबाला आपण 'व्होल्ट' म्हणतो तो याच्याच नावावरून.

१७७६ च्या नोव्हेंबरात हा इटालियन शिक्षक माज्जोरे सरोवराच्या काठी आंगेरा येथे काठीने चिखल ढवळीत होता. चिखलातून बुडबुडे वर येत, ते तो बाटलीत धरी. तो वायू पेटतो असे त्याला दिसून आले. आज आपण त्याला मिथेन म्हणतो, आणि गोबरगॅसमध्ये मुख्यत्वे तोच असतो. पुढल्याच वर्षी व्होल्टाने एक भांडे तयार केले. त्यात पेटणारा वायू आणि हवा भरावयाची, तोंडाला घट्ट बूच लावावयाचे, आणि आत शिरलेल्या तारेतून विजेची ठिणगी पाडावयाची. मोठा आवाज होऊन बूच उडे. या उपकरणाला 'व्होल्टाचे पिस्तूल' असे नाव पडले. दिवाणखान्यांतून जमलेल्या स्त्रीपुरुषांना ते दाखवून चकित करण्याची चालही पडली. म्हणजे कोठी, वायू, ठिणगी आणि बूच या चारही गोष्टी १७७७ साली सिद्ध होत्या. बटाटा तेवढा यावयाचा होता.

व्होल्टाला तेवढ्यावर समाधान नव्हते. कोमो या गावी विजेची ठिणगी पाडून, खांबांवरून नेलेल्या तारेने दूरच्या मिलान शहरातले पिस्तूल उडविता येईल, असे त्याने त्याच वर्षी एका पत्रात लिहिले आहे. तारायंत्र प्रत्यक्षात येण्यास अजून दोन पिढ्या होत्या. मौजेच्या वस्तूकडे पाहताना त्याच्या मनात दूरवर निरोप धाडण्याचा विचार आला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या पिस्तुलाची दुसरी संतती तर आपल्या दारात उभी आहे. फ्रान्स्वा इझाक द रिवाझ नावाचा फ्रेंच लष्करातला एक जुना अधिकारी स्वित्झर्लंडमध्ये राहत असे. त्याला सुचले की बूच उडून जाऊ न देता नळीतच वरखाली खेळविले, तर त्याच्याकडून काम करून घेता येईल. हायड्रोजन आणि विजेची ठिणगी यांवर चालणाऱ्या अशा यंत्राचे पेटंट त्याला १८०७ साली मिळाले. पुढे १८६० मध्ये एत्येन लन्वार याने पॅरिसमध्ये कामाला येईल असे गॅसचे इंजिन केले, आणि १८७६ मध्ये निकोलाउस ऑटोने चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध केले. आपली मोटारसायकल आजही त्याच तत्त्वावर धावते. या दोघांविषयी मला विशेष आपुलकी आहे. लन्वार पॅरिसला आला तेव्हा त्याने उपाहारगृहात वाढप्याचे काम केले होते. ऑटो हा किराणा मालाचा फिरता विक्रेता होता. इंजिनिअरिंगचे विद्यालय दोघांनीही पाहिले नव्हते. तात्पर्य, रिक्षाच्या सिलिंडरात दर क्षणी जे चालते ते बटाट्याच्या तोफेतही चालते. फरक एवढाच की रिक्षातला बटाटा धातूचा असतो आणि तो परत येतो.

आता हवेच्या तोफेकडे वळू. तिचे कूळ याहूनही जुने, आणि तिचा एक धागा आपल्या शेजारी बस्तरपर्यंत पोचतो. जगदलपूरला रथयात्रेच्या वेळी गोंचा नावाचा उत्सव होतो. त्यात आदिवासी बांधव बांबूच्या नळीत 'पेंगू' नावाचे लहान फळ घालून मागून दांडा रेटतात. पुढचे फळ आणि दांडा यांच्यामध्ये हवा कोंडते, आणि फट् आवाज होऊन फळ सुटते. ही जगन्नाथाला दिलेली सलामी. त्या नळीचे नाव 'तुपकी'. आपल्या 'तुपक' शब्दाचीच ती बहीण. हा शब्द तुर्कीतून आलेला, आणि त्या भाषेतही त्याचा जुना अर्थ चिमण्या टिपावयाची फुंकनळी असा होता. दारू मागून आली. नळी आणि हवा आधीची.

याच हवेच्या नळीत बटाटा शिरला तो दुसऱ्या महायुद्धात. इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतात कॅम्बोर्न येथे होल्मन बंधूंचा कारखाना होता. खाणीत खडक फोडण्याची, दाबलेल्या हवेवर चालणारी यंत्रे ते बनवीत. १९४० मध्ये जर्मन विमाने व्यापारी जहाजांवर खाली उतरून हल्ले करू लागली, आणि जहाजांना पुरतील इतक्या तोफा इंग्लंडजवळ नव्हत्या. तेव्हा या कारखान्याने एक साधी नळी तयार केली. जहाजावरील वाफेच्या किंवा दाबलेल्या हवेच्या जोराने ती हातबाँब वर फेकी. तिला 'होल्मन प्रोजेक्टर' म्हणत. विमाने पाडण्याच्या कामी तिचा उपयोग बेताचाच झाला. परंतु खलाशांनी तिचा दुसरा उपयोग शोधला. शत्रू दिसत नसे अशा दिवशी ते तीत बटाटे घालून शेजारच्या मित्रजहाजांवर मारीत! ब्रिटिश व्यापारी जहाजांवर त्या काळी हजारो हिंदी खलाशी होते, त्यांत आपल्या रत्नागिरीकडचेही पुष्कळ. मृत्यूच्या सावलीत दिवस काढणाऱ्या माणसांना असा पोरखेळ सुचावा, यात मला काहीच विपरीत वाटत नाही. ज्याने रात्रपाळी केली आहे त्याला हे समजते.

तिसरी शाखा कार्बाइडची. १८९२ साली अमेरिकेत स्प्रे नावाच्या गावी टॉमस विल्सन हा विजेच्या भट्टीत ॲल्युमिनियम मिळविण्याच्या खटपटीत होता. चुना आणि डांबर भट्टीत तापविता जो पदार्थ हाती आला त्यावर पाणी पडताच पेटणारा वायू निघाला. तो पदार्थ कॅल्शियम कार्बाइड, आणि तो वायू अ‍ॅसिटिलीन. त्यावर खाणकामगारांचे आणि सायकलींचे दिवे चालले, वेल्डिंग चालले, आणि ओघानेच खेळणीही आली. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया प्रांतातील बेथलेहेम गावी कार्बाइडवर चालणारी मुलांची तोफ होऊ लागली. तिचे पेटंट १९०७ चे, आणि ते घेणारा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक होता. दारूच्या फटाक्यांनी मुलांची बोटे तुटतात, तर त्याऐवजी काहीतरी सौम्य असावे, हा त्यामागला हेतू होता. हॉलंडमध्ये वर्षअखेरीस खेड्यापाड्यांतून दुधाच्या मोठ्या किटल्यांत कार्बाइडचा बार काढतात. इंडोनेशियात पोंतियानाक येथे कापुआस नदीच्या काठी, ईदच्या सुमारास, झाडांच्या खोडांच्या प्रचंड कार्बाइड-तोफा दणाणतात. गावेच्या गावे तेथे जमतात, आणि वडीलधारी माणसे तोफेपाशी उभी असतात.

या सर्व शाखांचे पाणी अखेर अमेरिकेतील घरामागच्या परसात एकत्र आले. प्रारंभी तेथील तरुण बिअरचे रिकामे पत्र्याचे डबे एकावर एक जोडून टेनिसचे चेंडू उडवीत. पुढे दोन गोष्टी घडल्या. प्लॅस्टिकचा पाइप दुकानोदुकानी मिळू लागला, ही एक. दुसरी मोठी गमतीची आहे. फवाऱ्याच्या डब्यांतील क्लोरोफ्लुरोकार्बन वायू पृथ्वीच्या ओझोनच्या कवचाला घातक ठरला, म्हणून अमेरिकेने १९७८ मध्ये अशा डब्यांतून त्याला मनाई केली. त्याच्या जागी ब्यूटेन, प्रोपेन असे चटकन पेटणारे वायू आले. केसांवर मारावयाचा फवारा अशा रीतीने तोफेचे इंधन होऊन बसला. कायदा करणाऱ्यांच्या हे स्वप्नातही आले नसेल.

हे हौशी लोक असतात तरी कोण? त्यांत नळकाम करणारे आहेत, शेतकरी आहेत, शाळामास्तर आहेत, निवृत्त यंत्रकामगार आहेत. २००१ मध्ये विल्यम गर्स्टेल या इंजिनिअरने परसातल्या अशा खेळांवर एक पुस्तकच लिहिले आणि ते पुष्कळ खपले. या मंडळींचे मला कौतुक वाटते ते त्यांच्या वह्यांमुळे. फवारा अंदाजाने मारण्यावर त्यांतले जाणते लोक संतुष्ट नसतात. ते वायू मोजून घेतात. कोठीचे आकारमान आणि नळीचे आकारमान यांचे प्रमाण किती ठेवले असता बटाटा सर्वांत वेगाने जातो, याची ते टिपणे ठेवतात. नळी फार लांब झाली तर वायूचा जोर आतच संपतो आणि घर्षणाने बटाटा मंदावतो. फार आखूड झाली तर जोर फुकट बाहेर जातो. इंजिन बनविणाऱ्यांनी पगार घेऊन जो अभ्यास केला तोच हे लोक रविवारी पदरमोड करून करतात.

आणि या लोकांनीच स्वतःला काही नियम घालून घेतले आहेत. त्यांतला मुख्य नियम पाइपाचा आहे. पाण्यासाठी केलेल्या पीव्हीसी पाइपावर जो दाब छापलेला असतो तो पाण्याचा असतो, हवेचा नव्हे. हा भेद मी कारखान्यात पुष्कळांना समजावून सांगितला आहे, तो येथेही सांगतो. पाणी दाबले तरी जवळजवळ आकसत नाही. पाण्याने भरलेला पाइप फुटला की दोनचार थेंब उडतात आणि दाब तत्काळ शून्यावर येतो. म्हणूनच टाकीची चाचणी पाण्याने घेतात. हवा मात्र स्प्रिंगसारखी आकसून बसते, आणि पाइप फुटताक्षणी ती सारी स्प्रिंग सुटते. पीव्हीसी हा वाकत नाही, काचेसारखा फुटतो, आणि त्याची धारदार शकले होतात. ती शरीरात रुतली तर एक्स-रेतही धड दिसत नाहीत. उन्हाने आणि वयाने तो आणखी ठिसूळ होतो. जाणते हौशी नव्या माणसाला हे आधी सांगतात, बटाट्याचे मागून.

नियम माहीत असूनही अपघात होतात. अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात १९८६ पासून भोपळे फेकण्याची स्पर्धा भरत असे. हवेच्या प्रचंड तोफा भोपळा हजार मीटरांहूनही दूर टाकीत. २०१६ मध्ये एका तोफेचा धातूचा भाग सुटून उडाला आणि एक स्त्री गंभीर जखमी झाली. त्या तोफेपाशी वर्षानुवर्षांचे अनुभवी लोक उभे होते. दाब कोणाचा अनुभव विचारीत नाही.

आता माझ्या आयुष्यातला एक प्रसंग सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका लहान वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरची लाइन लोखंडी पाइपाची होती. ती गंजली. मालकाने खर्च वाचविण्यासाठी नळाचा प्लॅस्टिक पाइप टाकला. तेथील एका फिटरने हरकत घेतली, तेव्हा त्याला उत्तर मिळाले, "अरे, त्यात काय गॅस आहे? साधी हवा तर आहे!" चार महिने काही झाले नाही. पाचव्या महिन्यात भर दुपारी एक कोपर फुटला. खाली एक एकोणीस वर्षांचा हेल्पर झाडू मारीत होता. मी दवाखान्यात गेलो तेव्हा त्याचा अर्धा चेहरा पट्टीत होता. तो मला म्हणाला, "साहेब, मला वाटलं ट्यूबलाइट फुटली." त्याचा डावा डोळा गेला. मालक वाईट माणूस नव्हता, दवाखान्याचा खर्च त्याने दिला. परंतु हरकत घेणारा फिटर तेव्हा कामावर नव्हता, कारण मधल्या काळात त्याला 'फार बोलतो' म्हणून कमी करण्यात आले होते.

त्या दिवसापासून दाबाच्या इतिहासाचे जे मिळेल ते मी वाचीत आलो. १८६३ साली कलकत्त्यात एक मोठा बॉयलर फुटला, आणि त्यानंतर १८६४ मध्ये बंगालात बॉयलर तपासणीचा कायदा झाला. साऱ्या देशाचा कायदा १९२३ साली आला, आणि त्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली. आधी स्फोट, मग कायदा, हा क्रम सर्व देशांत सारखाच दिसतो. कायद्याआधी कोणी इशारा दिलेलाच नसतो असे मात्र नाही. इशारा देणारा बहुधा यंत्राजवळ उभा असलेला माणूस असतो, आणि त्याचे म्हणणे टिपून ठेवण्याची पद्धत नसते.

याची दोन उदाहरणे एकाच गावची आहेत, आणि दोन्हींत एकच शब्द येतो. विल्सनच्या त्या कार्बाइडचा धंदा करण्यासाठी १८९८ साली अमेरिकेत जी कंपनी निघाली तिचे नाव युनियन कार्बाइड. भोपाळच्या तिच्या कारखान्यात १९८१ च्या डिसेंबरात एक कामगार विषारी वायूने मेला. कामगार संघटनांनी धोक्याची ओरड केली, एका स्थानिक पत्रकाराने लेख लिहिले. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री काय झाले ते आपण सर्व जाणता. वस्तीतल्या लोकांना तो वायू कोणता हे ठाऊक नव्हते, आणि ओला फडका तोंडावर धरावा एवढेही त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

त्याच भोपाळात आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत २०२५ च्या दिवाळीत बाजारात 'कार्बाइड गन' आली. प्लॅस्टिकचा पाइप, कार्बाइडचे खडे आणि पेटविण्याची कळ; किंमत दीडदोनशे रुपये. शेतातली माकडे हाकलावयाचे हे साधन, ते खेळणे म्हणून विकले गेले. मुले ते उडवीत. बार झाला नाही की का झाला नाही म्हणून नळीत डोकावत, आणि नेमका तेव्हा बार होई. मिथेन हवेत शंभरात पाच ते पंधरा भाग असला तरच पेटतो. अ‍ॅसिटिलीन अडीच भागांपासून ऐंशी भागांपर्यंत केव्हाही पेटतो. आमच्या वेल्डरला हे पाठ असते. डीएच्या सिलिंडरची नळी एक किलो दाबाच्या वर न्यावयाची नाही, हे तो उस्तादाकडून पहिल्या आठवड्यातच शिकतो. शिवाय पाणी पडल्यावर कार्बाइडचा जो गाळ उरतो तो चुना असतो. डोळ्यात चुना गेल्यावर काय होते ते आपल्या घरच्या पानाच्या डब्यालाही ठाऊक आहे. शंभराहून अधिक लोकांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यांत मुलेच फार; काहींची दृष्टी गेली. मग विक्रीवर बंदी आली. पुन्हा तोच क्रम.

हे ऐकून कोणी म्हणेल की असले सगळे खेळच बंद करावेत. माझे मत तसे नाही. व्होल्टाच्या हातचे पिस्तूल काढून घेतले असते तर इंजिन केव्हा झाले असते कोण जाणे. पोरांना नळी, हवा आणि आवाज यांचे वेड असणारच, आणि ते असावे. त्या अमेरिकन हौशी माणसाजवळ तीन गोष्टी असतात : आपली तोफ कशाची केली आहे हे त्याला ठाऊक असते, ती का फुटते हे त्याला ठाऊक असते, आणि नको वाटले तर ती न उडविण्याची त्याला मोकळीक असते. वर्कशॉपमधल्या त्या हेल्परजवळ यांतले एकही नव्हते. भोपाळच्या बाजारात दोनशे रुपये देणाऱ्या मुलाजवळही नव्हते.

युनियनची मागणी म्हणजे पैशाची मागणी, अशी आपली समजूत असते. पैसा हवाच. परंतु माझ्या तीस वर्षांच्या कामात मी जी मागणी सर्वांत अधिक वेळा लिहिली ती अशी होती : टाकीवरचे गेज कामगाराला दिसेल अशा ठिकाणी लावावे, आणि पाइप कशाचा आहे ते त्याला सांगावे. या मागणीला खर्च जवळजवळ काहीच येत नाही. तरी ती मान्य व्हावयास सर्वांत अधिक वेळ लागला.

तो हेल्पर आज पन्नाशीकडे झुकला आहे. त्याचे स्वतःचे छोटे गॅरेज आहे. त्याच्या कॉम्प्रेसरची लाइन लोखंडी आहे, गेज दाराशीच आहे, आणि कामाला आलेल्या नव्या पोराला तो पहिल्या दिवशी पाना हातात देण्याआधी ते गेज वाचावयास शिकवितो. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या गल्लीतली मुले सायकलच्या पंपाने बाटलीतले पाणी उडवीत होती. तो त्यांच्यावर ओरडला नाही. त्याने त्यांना बाटलीपासून दहा पावले मागे उभे केले, बाटलीत पाणी किती आणि हवा किती ते विचारले, आणि मग स्वतःच पंप मारला.